तिच्या नावाने जाणारा सल्ला

माझी बहीण मंगळवारी दुपारी गेली. बुधवारी सकाळी माझ्या फोनवर तिचा निरोप आला.

“नमस्कार. आज पहाटे दव पडलं आहे. पानं बराच वेळ ओली राहतील. डाऊनीला अशीच हवा लागते. फवारणी आज उरकून घ्या, उद्यावर टाकू नका.” खाली तिचं नाव होतं.

घरात गॅस पेटवायचा नव्हता. शेजारून थर्मासमध्ये चहा आला होता आणि मावसभाऊ तो कपात ओतत होता. मी निरोप वाचला, फोन पालथा ठेवला आणि कप हातात घेतला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी तो बंद कसा करायचा हे लगेच शोधलं असतं.

धाकटी असूनही घर तिनेच चालवलं. आम्ही दोघी अविवाहित. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढून निवृत्त झालेली, ती नाशिकबाहेरच्या एका संशोधन केंद्रात द्राक्षांवरच्या रोगांचा अभ्यास करणारी. मी कमी बोलते. ती दोघींच्या वाटचं बोलायची. डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानावर आधी तेलकट डाग पाडणारा, पानाखाली पांढरी बुरशी आणणारा आणि मग थेट घडात शिरणारा रोग. ओली पानं आणि ढगाळ हवा त्याला आवडते. तो आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, येण्याआधी फवारावं लागतं. बहिणीचं सगळं काम त्या ‘आधी’पुरतं होतं.

तिने आणि तिच्या सहकाऱ्याने दिंडोरी, निफाड आणि सटाण्याकडच्या बागांमध्ये हवामान मोजणारी छोटी यंत्रं बसवली होती. तापमान किती, पाऊस किती, पानावर पाणी किती वेळ टिकलं, हे ती यंत्रं कळवत. ते आकडे इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकावर जात. शास्त्रज्ञांना गणितं करायला असे संगणक भाड्याने देणारी एक परदेशी सेवा आहे, तिचा तो. बहीण त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणायची. ते कुठे ठेवलेलं असतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

“ताई, बँकेत ठेवलेले तुझे पैसे कुठल्या कपाटात आहेत, माहितीये का तुला?”

“नाही.”

“मग झोप येते ना?”

पहाटे मशीन रात्रीचे आकडे वाचायचं आणि प्रत्येक बागेसाठी एक निरोप तयार करून पाठवायचं. आमच्याकडे द्राक्षाचं सगळं वय छाटणीपासून मोजतात. बाग कशी आहे असं विचारलं तर शेतकरी छाटणीला किती दिवस झाले ते सांगतो, मग पुढचं समोरचा समजून घेतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपली गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीची, तारीख कळवायची, की मशीन बाग कुठल्या अवस्थेत आहे हे ठरवणार आणि हवा बघून त्याप्रमाणे बोलणार. मात्र बोलायची वाक्यं बहिणीने आधीच लिहून ठेवलेली होती. मशीन त्यातली निवडायचं.

पहिल्यांदा ती वाक्यं तिने मला दाखवली तेव्हा आमचं भांडण झालं होतं.

“‘रोगाच्या प्रादुर्भावास पोषक वातावरण’,” मी वाचलं. “हे कोण वाचणार?”

“शेतकरी.”

“आईला तू असं सांगितलं असतंस? आई, बाहेर पावसास पोषक वातावरण आहे, छत्री घे?”

“मग लिही तूच. जन्मभर लायब्ररीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्यास.”

मी लिहिली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक वाक्य बोलून बघत होतो. ती शास्त्राच्या बाजूने अडायची, मी भाषेच्या. यादीत पहिला नंबर तिने माझा घातला. आमच्या अंगणातल्या मांडवावर द्राक्षाचा एकच वेल आहे, तिने लावलेला; तीच माझी बाग. “तुला निरोप आला की सगळ्यांना गेला असं समजायचं,” ती म्हणाली होती. तेव्हापासून सकाळी मी “आला गं” असं ओरडायची आणि ती आतून “ठीक” म्हणायची.

ती गेल्यावरही निरोप येत राहिले. गुरुवारी आला, शुक्रवारी आला. भेटायला येणारी माणसं समोर बसलेली असत, आणि माझं लक्ष त्यांच्या बोलण्यातून निसटून फोनकडे जाई. मशीनला ती गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. माझी समज शाबूत होती, मला भ्रम झालेला नव्हता. ती वाक्यं कशी तयार होतात हे मला ठाऊक होतं; अर्धी तर माझीच होती. तरीही सकाळ उजाडली की छातीत धडधडायला लागायचं, आणि निरोप आला की थांबायचं.

चार दिवसांनी तिचा सहकारी आला. सटाण्याकडचा, चाळिशीतला, माझ्या बहिणीला मॅडम आणि मला ताई म्हणणारा. बराच वेळ तो हातातला ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, “ताई, मॅडमचा लॅपटॉप उघडून बघायला लागेल. मशीनवाल्यांच्या मेल आल्या असतील.”

“कसल्या?”

“अपडेटच्या. मॅडम पुढे ढकलत होत्या.”

लॅपटॉप तिच्या टेबलावरच होता. पासवर्ड मला माहीत होता. मेल उघडल्या तेव्हा त्या सेवेकडून आलेली पत्रं एकाखाली एक रांगेत होती. पहिलं पत्र उन्हाळ्यातलं. तिच्या नावाने हाय करून, कळवायला अतिशय आनंद होतो, अशी सुरुवात. सेवा आता अधिक वेगवान, अधिक सुरक्षित होणार होती. नव्या पद्धतीच्या मशीनवर सगळ्यांचं स्वागत होतं. पुढच्या पत्रांमधला आनंद कमी कमी होत गेला होता. शेवटच्या पत्राच्या विषयातच ‘कृती आवश्यक’ असं होतं. नोव्हेंबरच्या मध्यावर जुनी मशीन बंद होतील. त्याआधी आपलं काम नव्यावर हलवलं नाही तर ते थांबेल, आणि नंतर पुसलं जाईल.

“मग तिने हलवलं का नाही?”

“मॅडमचा नियम होता ना ताई. हंगामात काही बदलायचं नाही. छाटणी ते काढणी मशीनला हात लावायचा नाही. त्यांना लिहिलं पण होतं, आमचा हंगाम मार्चमध्ये संपतो, तोवर थांबा म्हणून.”

“काय उत्तर आलं?”

“तुमच्या सूचनेबद्दल आभारी आहोत.”

मी ग्रंथालयात असताना नव्या आवृत्त्या यायच्या. जुन्या प्रतीवर आम्ही ‘बाद’ असा शिक्का मारायचो, पण ती प्रत मागच्या खोलीत असायची; कुणी मागितली तर धूळ झटकून देता यायची. इथे नवं येणार म्हणजे जुनं नाहीसंच होणार होतं. ती खोली नव्हती.

केंद्राच्या प्रमुखांचा सांत्वनाचा फोन आला तेव्हा मी विषय काढला. ते सौजन्याने बोलले. ही योजना मॅडमच्या एकटीच्या धडपडीवर चालली होती, असं म्हणाले. खातं तिच्या वैयक्तिक नावावर, तिच्याच फोनला जोडलेलं. “बंद पडलं तर पडू द्या, पुढच्या वर्षी नव्याने बघू.” फोन ठेवल्यावर मी खुर्चीतून उठले नाही. दहावा व्हायचा होता, आणि मला वाटत होतं की तिला पुन्हा एकदा न्यायला येणार आहेत, या खेपेला तारीख सांगून.

दहाव्याला मावसभावाने रामकुंडावर सगळं केलं. लांबून लांबून लोक जिथे आपल्या माणसांचं करायला येतात, तिथे आम्ही रिक्षाने वीस मिनिटांत पोचलो. परतताना तो म्हणाला, “ताई, तिचं सिम बंद करून टाकतो. कागदपत्रं माझ्याकडेच आहेत.”

“अजून नको.”

“गेलेल्या माणसाचा फोन चालू ठेवू नये. लोकांच्या फोनवर नाव दिसतं, बरं वाटत नाही.”

“त्याच्यावर कोड येतो.”

“कसला कोड?”

मला धड सांगता येईना. खात्यात शिरायचं तर दर वेळी तिच्या फोनवर आकडे येत आणि ते भरावे लागत, हे रिक्षात बसून, ओल्या कपड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन सांगण्यासारखं नव्हतं. “रिचार्ज संपेपर्यंत राहू दे,” एवढंच म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, ताईचं काही खरं नाही.

त्यानंतर तो फोन माझ्या जिवाला घोर झाला. चार्जिंगला लावलेला असला तरी मी जाऊन हात लावून बघायची. बाहेर जाताना पर्समध्ये माझा आणि तिचा, दोन्ही. भाजी घेताना तो एकदा वाजला, तर पिशवी हातातून सुटली. कसल्यातरी कर्जाची जाहिरात होती. फोन हरवला, पडला, कुणी सिम बंद केलं, की दार कायमचं लागणार. शेवटच्या मुदतीचा दिवस जवळ येत होता आणि त्या सेवेची आठवणपत्रं आता रोज येत होती.

रविवारी सहकारी आला. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. कोड आला, मी वाचून दाखवला, त्याने भरला. दुपारभर त्याचं काम चाललं होतं. मधूनच तो काहीतरी पुटपुटे, मधूनच खुर्ची मागे सरकवून छताकडे बघे. मी विचारायची धास्ती घेतली होती. विचारलं की “नाही जमत” असं ऐकायला येईल. शेवटी तो म्हणाला, “हललं सगळं. आता जुनं बंद करायचं का, विचारतंय.”

“नवं चाललं नाही तर जुनं परत चालू करता येईल?”

“नाही ताई. आज ना उद्या ते बंदच करणार आहेत.”

“मग मला काय विचारतोस?”

“मॅडमचं आहे म्हणून,” तो म्हणाला.

त्याने बटण दाबलं. ती रात्र मी कशीतरी काढली. सोमवारी सकाळी अंथरुणातच फोन हातात घेऊन बसले होते. निरोप आला. नमस्कार, आणि खाली तिचं नाव. मी लगेच सहकाऱ्याला फोन लावला.

“आला.”

“आला ना? मग सगळ्यांना गेला.” त्याचाही श्वास सुटल्याचं ऐकू आलं. “झालं ताई. मॅडमनी शाबासकी दिली असती.”

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी वरण-भात करून पोटभर जेवले.

मंगळवारी आला, बुधवारी आला. आला एवढंच मी बघत होते.

गुरुवारी सकाळपासून ढग होते. बारीक पाऊस येऊन गेला होता. चहाचा कप घेऊन अंगणात गेले आणि सवयीने फोन बघितला. त्या दिवशी निरोप पूर्ण वाचला, कारण माझं लिहिलेलं एक वाक्य त्यात होतं आणि ते मला आवडायचं.

“तुमच्या बागेत मण्यात पाणी उतरू लागलं आहे. अवघड दिवस मागे पडले. डाऊनीची फवारणी आता नको. घडांना मोकळी हवा मिळू द्या.”

मी मांडवाकडे पाहिलं. वेलाला बारीक हिरवे घोस होते, मोहरीच्या दाण्यांसारखे. काही ठिकाणी फुलोरा नुकताच उघडत होता. मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागायला, अजून दोन महिने होते. बहिणीने तो वेल आठ ऑक्टोबरला छाटला होता. शिडी मी धरली होती. फुलोऱ्याचे दिवस हेच डाऊनीचे खरे दिवस, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की ते मलाही पाठ झालं होतं. आणि बाहेर पाऊस पडून गेला होता.

कप कठड्यावर ठेवून मी सहकाऱ्याला फोन केला. तो निफाडकडे एका बागेत होता. मी निरोप वाचून दाखवला. त्याने आधी ते हसण्यावारी नेलं, “तुमचा एकच वेल ताई, मशीन म्हणत असेल याला कशाला औषध.” मग त्याने विचारलं, “तारीख काय दिली होती मॅडमनी तुमची?”

“आठ ऑक्टोबर. आठ, दहा.”

“थांबा जरा.” फोनवर ट्रॅक्टर ऐकू येत होता, मग गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. “ताई, मशीन ते दहा ऑगस्ट वाचतंय.”

जुन्या मशीनवर आधी दिवस आणि मग महिना वाचायचा, हे बहिणीने कधीतरी एकदा सांगून ठेवलं होतं. ते सांगणं मशीनच्या पोटात होतं, तिने लिहिलेल्या कामात नव्हतं. आम्ही काम हलवलं. सांगणं जुन्या मशीनबरोबर गेलं. नवं मशीन परदेशी रीतीने आधी महिना वाचत होतं. ज्यांची छाटणी पंधरा, वीस ऑक्टोबरला झाली होती त्यांचं काही बिघडलं नव्हतं, कारण पंधरावा महिना नसतो आणि मशीन गुपचूप उलटं वाचून घेई. पण महिन्याच्या सुरुवातीला छाटलेल्या सगळ्या बागा त्याने काही महिने म्हाताऱ्या करून टाकल्या होत्या.

“पण ऑगस्टमध्ये छाटणी कोण करतं? त्याला खटकलं कसं नाही?”

“आम्ही करतो ताई. सटाण्याकडं आगाप, लवकरची छाटणीच असते, जुलै-ऑगस्टला. मॅडमनी आधी मशीनला सांगितलं होतं, सप्टेंबरच्या आतली तारीख आली तर अडव. मग आमच्या गावच्या बागा घेतल्या. मीच मागे लागलो होतो, आम्ही काय जिल्ह्यात नाही का म्हणून. तेव्हा मॅडमनी ती अडवणूक काढली.”

चूक कुणाची, ती कुठे झाली, हे सगळं नंतर. त्या घडीला माझ्या डोक्यात एकच होतं, की चार दिवस माझी बहीण माणसांना फवारू नका म्हणून सांगते आहे, आणि वर ढग आहेत.

दुरुस्त निरोप पाठवायला तो लगेच बसला. पण सकाळी एक आणि दुपारी दुसरंच, असा निरोप कुणी वाचेल न वाचेल. फोन करायला हवेत, असं ठरलं. चुकलेल्या बागांची अर्धी यादी त्याने घेतली, अर्धी मी. मला फोनवर बोलणं जन्मात जमलेलं नाही. त्यातून नंबर सगळे बहिणीच्या फोनमध्ये, तेही तिच्या पद्धतीने: ‘चिंचेजवळचा प्लॉट’, ‘कॅनॉलपलीकडे’, ‘दोन भाऊ’. मी तिच्याच फोनवरून लावायला लागले. पलीकडे काय दिसेल, हे पहिला फोन उचलला जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

उचलला, पण कुणी बोलेना.

“हॅलो,” मी म्हणाले. “मी मॅडमची मोठी बहीण बोलते.”

“आवं ताई!” मोठा श्वास. “मला घाम फुटला ना. मॅडमचं नाव आलं. मी मंडळीला म्हनलं, तू उचल, माझ्यानं नाय व्हनार. ती म्हनती, तुमालाच बोलावलं आसंल, तुमीच उचला.”

मागे एक बाई हसत होती. मीही हसले असणार, कारण तो म्हणाला, “हसा ताई, हसा. बोला, काय काम काढलं?”

त्याने कालच फवारलं होतं. पुढच्यानेही. “पानी कुठं उतरलं? आजून फुललीबी नाय, दोड्यात हाय बाग,” तो म्हणाला. “निरोप आला तवाच म्हनलं, मशीन येडं झालं. जिवंतपनी मॅडम कधी चुकल्या नाय, गेल्यावर चुकायला लागल्या.” हे बोलून तो एकदम थांबला. “ताई, तोंडातून गेलं. मनावर घिऊ नका.”

“खरंच आहे ते,” मी म्हणाले, आणि पुढचा नंबर लावला.

काहींनी उचललाच नाही. त्यांना मी माझ्या फोनवरून लावला. एकाने मशीनवाल्यांना अशी शिवी दिली की मी फोन कानापासून लांब धरला. बहुतेकांनी बाग बघून आपलं आपण ठरवलं होतं. मला जरा धीर येत होता. मग ‘उताराचा प्लॉट’ असं लिहिलेला नंबर लागला. दिंडोरी तालुक्यातली एक बाई. नवरा सैन्यात, आधी देवळालीला होता, आता लांब कुठेतरी. सासऱ्यांनंतर बाग तिनेच हातात घेतली होती, दुसराच हंगाम.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी थांबले ना ताई.”

“कधीपासून?”

“सोमवारपास्नं. गडी म्हनत व्हता मारून घिऊ. मी म्हनलं, मॅडम नको म्हनतात. औषधाचा ब्लोअर भरून उभा हाय.”

“पानाखाली बघता का आत्ता?”

ती फोन हातात घेऊनच निघाली. चिखलात पाय पडत होते ते ऐकू येत होतं. पानं हलल्याचा आवाज आला. मी कानाला फोन इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

“उताराच्या वरल्या अंगाला नाय,” ती म्हणाली. मग पुन्हा पावलं. “खाली हाय ताई. पांढरं हाय. लय हाय.”

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या गाडीतून मी तिथे गेले. त्याने नको म्हटलं होतं. तिने आदल्या संध्याकाळीच सगळी बाग फवारून घेतली होती. औषधाचा वास हवेत होता. उताराच्या खालच्या ओळींत पाणी साचतं, तिथले घोस तपकिरी पडले होते. मी एकाला बोट लावलं तर कळ्या हातात गळून आल्या. सहकारी ओळीओळीने पुढे जात होता, पानं उलटत होता. बाई माझ्याशेजारी उभी होती, माझ्या निम्म्या वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली.

“बाकीची वाचंल,” ती म्हणाली. “सर म्हनले वाचंल.”

मला क्षमा मागता येईना. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “तुमाला कोन बोलतंय? तुमी द्राक्षातल्या नाय. पन एक सांगू का ताई? खाली मॅडमचं नाव व्हतं म्हनून मी थांबले. मॅडम गेल्या ते मला म्हाईत हाय, मी आले व्हते ना दहाव्याला, मागं उभी व्हते. तरी नाव दिसलं की मानूस इचारीत नाय. मशीनचं म्हनून आलं असतं, तर मी सरांना फोन करून इचारलं असतं, का हो, आसं कसं?”

चहा झाला. तिने पिशवीत वाल आणि मेथी भरून दिली, मी नको म्हणत असताना. परतताना ओझरच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी म्हणाले, “उद्यापासून निरोपाखालचं नाव काढ.”

“मॅडमचं?”

“हो. तुझं घाल. आणि तुझा नंबर.”

“ताई, नंबर घातला की सकाळपासून फोन सुरू होतील मला. पान पिवळं पडलं तरी फोन करतील.”

“करू देत. उचलायला तू आहेस.”

सिग्नल सुटला. थोड्या वेळाने बाहेरच्या आरशात बघत म्हणाला, “तुम्हाला चालेल का पण? रोज सकाळी तुम्ही...” त्याला सगळं ठाऊक होतं, इतके दिवस.

“मला विचारू नकोस,” मी म्हणाले. “मला विचारलंस तर मी नको म्हणेन.”

शनिवारी निरोप आला तो त्याच्या नावाने. तारखा बरोबर होत्या, वेल फुलोऱ्यात होता आणि फवारणी आजच घ्या असं लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला तो नुसता द्राक्षांविषयीचा वाटला. त्या सकाळी मी खूप रडले. ती गेल्यापासून आत्तापर्यंत नीट रडलेच नव्हते, हे तेव्हा कळलं.

हंगाम संपेपर्यंत आम्ही मशीनला पुन्हा हात लावला नाही. उताराच्या बागेतल्या खालच्या ओळी गेल्या, वरची बाग वाचली. मार्चमध्ये काढणी उरकल्यावर सहकाऱ्याने सगळं काम केंद्राच्या नावाने उघडलेल्या खात्यावर हलवलं. दर वर्षी छाटणीची तारीख आता महिन्याचं नाव लिहूनच घ्यायची, असं त्याने ठरवलं आहे. उताराच्या बागेतली बाई तारीख पाठवून वर फोनही करणार आहे, असं तिने त्याला बजावलं.

बहिणीचं खातं मी बंद केलं. शेवटचा कोड तिच्या फोनवर आला, तो मी भरला. आपण का जात आहात, असं त्या सेवेने विचारलं. दिलेल्या कारणांमध्ये आमचं नव्हतं. मग आपली सगळी मशीन आणि फायली पुसल्या जातील, नक्की ना, असं विचारलं. हो म्हटलं. पडदा कोरा झाला आणि आभार मानणारी एक ओळ आली. दुसऱ्या दिवशी मावसभावाला फोन करून सिमचे कागद घेऊन यायला सांगितलं.

सल्ला आता केंद्राकडून जातो. त्याच्याखाली जिवंत माणसाचं नाव आणि नंबर असतो. तिचं खातं आता नाही. मी घरात एकटी राहते.